इतकी वर्षं इथंच आहेत, मग नागरिक का नाहीत?

हिवाळा लागला की आपल्या बेळगाव सीमाभागात तिबेटी स्वेटरवाले येऊन बसतात, तुम्हीही कधीतरी घेतलं असेल, भाव करताना ती बाई कन्नडमधनं बोलते, समोरचा मराठी आहे असं कळलं की हिंदीवर येते, एखादी तर सरळ "घ्या की ताई" म्हणते. मग घरी आल्यावर विषय निघतो की ही माणसं इथंच जन्मली, इथंच शिकली, आधार कार्ड पण असणार, म्हणजे आता इंडियनच झाली की. तर नाही. काही जण आहेत, बरेच जण नाहीत, आणि एकाच घरात थोरला आहे पण धाकटी नाही असं पण आहे. हे कसं काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा काही फक्त जिनिव्हात बसून बोलायचा विषय नाही, हुबळीच्या पुढं तासाभरावर मुंडगोडला, तिबेट्यांच्या वस्तीत, तो साठ वर्षं नांदतोय.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण पेपरवाले पण त्या एकत्र घोळतात. निर्वासित म्हणजे ज्याला स्वतःच्या देशात छळाची, जिवाची भीती होती म्हणून बाहेर पडला तो. त्याला देश आहे, फक्त तिथं जाता येत नाही. स्टेटलेस म्हणजे ज्याला जगातला एकही देश आपल्या कायद्यानुसार आपला नागरिक मानत नाही तो, १९५४ च्या यूएन करारात व्याख्या साधारण अशीच आहे. सगळे निर्वासित स्टेटलेस नसतात आणि सगळे स्टेटलेस निर्वासित नसतात, कितीतरी जण तर जन्मल्या गावातनं कधी हललेले पण नसतात. यूएनची निर्वासितांची संस्था यूएनएचसीआर ४४ लाखांच्या आसपास स्टेटलेस लोकांची नोंद सांगते, आणि खरा आकडा याहून बराच मोठा असणार हे तेच म्हणतात, कारण बहुतेक देश असली माणसं मोजतच नाहीत.

आता मुद्दा असा आहे की माणूस नुसता निर्वासित म्हणून आला आणि तसाच तीस, चाळीस, साठ वर्षं राहिला, तर तो हळूहळू पहिल्या खान्यातनं दुसऱ्या खान्यात सरकतो, आणि तो स्वतः नाही सरकला तर त्याची पोरं सरकतात. आपल्याला वाटतं जितकी जास्त वर्षं तितका माणूस पक्का होत जातो, पण इथं उलटं आहे. वर्षं वाढतील तसा जुन्या देशाशी असलेला कागदाचा धागा तुटत जातो आणि नव्या देशाशी आपोआप काही जुळत नाही.

आपल्याकडं गल्लीगल्लीत एक पक्की समजूत आहे की बारा वर्षं जागा ताब्यात असली की ती आपली. खरं तर जमिनीच्या बाबतीत पण ते इतकं सोपं नाही, कुळाला जमीन मिळाली ती तो नुसता राबला म्हणून नाही मिळाली, ठराविक कायदा आला आणि त्या कायद्यातल्या ठराविक तारखेला तो कूळ होता म्हणून मिळाली. नागरिकत्वाचं पण हेच. तुम्ही किती वर्षं राहिला हे कायदा नंतर विचारतो, आधी विचारतो कसे आला आणि कधी जन्मला. गंमत म्हणजे भारतात अर्ज करून नागरिकत्व घ्यायला पण बाराच वर्षांचं वास्तव्य लागतं, पण त्याच कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनं हे पण पक्कं केलं की बेकायदा स्थलांतरिताला हा दरवाजा बंद. आणि बेकायदा स्थलांतरित कोण, तर जो वैध पासपोर्ट, कागदपत्रांशिवाय आला किंवा मुदत संपल्यावर राहिला. आता जीव वाचवायला रात्री हिमालय ओलांडून आलेला माणूस पासपोर्ट आणि व्हिसा कुठनं आणणार ओ?

माणूस असा सरकतो कसा, याची सुरुवात बऱ्याचदा मूळ देशातच होते. ब्रह्मदेशानं १९८२ मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा केला आणि रोहिंग्या त्याच्या बाहेर पडले, म्हणजे पळून जायच्या आधीच ते कुठल्याच देशाचे उरले नव्हते. भूतानचं उदाहरण मला जास्त बोचतं, कारण ते कागदावरनं झालंय आणि आपल्याला लगेच कळण्यासारखं आहे. तिथं १९८५ च्या कायद्यानुसार १९५८ सालच्या अखेरीस तुम्ही भूतानात राहत होता हे दाखवायचं होतं, १९८८ च्या जनगणनेत अधिकारी दक्षिणेकडच्या नेपाळी बोलणाऱ्या लोकांच्या दारात त्या सालच्या पावत्या मागत फिरले, आणि ज्याच्याकडं नेमक्या त्या सालचा कागद नाही तो परका. आपल्या गावात १९५८ चा उतारा किती घरांत सापडेल विचारून बघा. त्यातनं पुढं एक लाखाच्या वर माणसं नेपाळच्या कॅम्पात जाऊन पडली, पंधरा-वीस वर्षं तिथंच काढली, मग २००७ पासनं बहुतेकांना अमेरिका वगैरे देशांनी घेतलं. वाटेल सुटलं. पण २०२५ मध्ये अमेरिकेनं त्यातल्या काही जणांना, जे तिकडचे नागरिक झाले नव्हते आणि ज्यांच्यावर गुन्ह्याच्या केसेस झाल्या होत्या, त्यांना विमानात बसवून भूतानला पाठवलं, भूताननं त्यांना भारताच्या हद्दीवर आणून सोडलं, तिथनं ते नेपाळात शिरले आणि नेपाळनं बेकायदा प्रवेश केला म्हणून पकडलं. चार देश आणि एकही म्हणायला तयार नाही की हा आमचा. गुन्हा केला असेल तर शिक्षा द्या, त्याबद्दल वाद नाही, पण शिक्षा भोगून झालेला माणूस शेवटी कुठंतरी राहणारच ना.

दुसरी गोष्ट पोरांची. बऱ्याच देशांत बापाचं नागरिकत्व पोराला मिळतं, पण परदेशात जन्म झाला तर तिथल्या वकिलातीत जाऊन नोंद करावी लागते. निर्वासित ज्या सरकारला घाबरून पळालाय त्याच सरकारच्या ऑफिसात पोराचं नाव लावायला जाणार का? आणि जगात अजून २४ देश असे आहेत जिथं आईला बापाच्या बरोबरीनं आपलं नागरिकत्व पोराला देता येत नाही, सीरिया त्यातलाच एक. म्हणजे सीरियाची बाई लेबनॉनला पळून गेली, नवरा युद्धात गेला किंवा बेपत्ता आहे, लग्नाचा कागद ढिगाऱ्याखाली राहिला, आणि बाळ लेबनॉनमध्ये झालं, तर त्या बाळाला सीरियन कोण म्हणणार आणि लेबनीज तर ते नाहीच. आई सीरियन, पोर कुणाचंच नाही.

आता आपल्या मुंडगोडकडं येऊ. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागनं हजारो लोक आले, आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं वस्त्यांसाठी जमीन दिली, बैलकुप्पे आधी, मग १९६६ मध्ये मुंडगोड, शिवाय हुणसूर आणि कोळ्ळेगाल भागात. मुंडगोडला आपली माणसं ट्रिपला जातात, द्रेपुंग आणि गांदेनचे मठ बघतात, मोमो खातात, फोटो काढतात आणि परत येतात. त्या वस्तीतल्या बहुतेक मोठ्या माणसांकडं एक आरसी असते, म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, जे परदेशी माणसाच्या नोंदणीचं कागद आहे आणि ठराविक मुदतीनं रिन्यू करावं लागतं. परदेशात जायचं तर पासपोर्टऐवजी आयसी म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट नावाचं पिवळं पुस्तक. ते हातात असलं की परदेशातल्या एअरपोर्टवर काउंटरमागचा माणूस ते पालथं घालून बघतो कारण त्यानं असलं काही कधी बघितलेलं नसतं, असं तिकडं जाऊन आलेले सांगतात. म्हणजे आपला कायदा त्यांना परदेशी म्हणतो, पण कुठल्या देशाचे हे विचारलं तर उत्तर नाही, चीन म्हणतो तिबेट आमचं, आणि ते तर चीनपासनंच पळालेत.

खरी गुंतागुंत जन्माच्या तारखेत आहे, हे नीट वाचा. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात आधी असं होतं की २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मला की तो भारतीय, आईबाप कोण हे विचारायचं नाही. मग बांगलादेशातनं आलेल्यांच्या प्रश्नावर १९८५ चा आसाम करार झाला, श्रीलंकेतनं पण लोक येत होते, आणि सरकारनं १९८६ ला दुरुस्ती केली, १ जुलै १९८७ पासनं नियम बदलला की जन्माच्या वेळी आईबापापैकी एक तरी भारतीय पाहिजे. पुढं २००३ ची दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ पासनं लागू झाली आणि तेव्हापासनं दोघंही भारतीय पाहिजेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे.

आता मुंडगोडमधलं एक घर डोळ्यापुढं आणा, दोघं आईबाप तिबेटातनं आलेले. थोरला पोरगा १९८६ ला जन्मला, तो कायद्यानं जन्मापासनं भारतीय. धाकटी १९८८ ला जन्मली, त्याच दवाखान्यात, त्याच आईच्या पोटी, ती भारतीय नाही. थोरल्याला पासपोर्ट मिळू शकतो, धाकटीला पिवळं पुस्तक. आणि तिसरी पिढी आली की घोडं पुन्हा अडतं, थोरल्यानं आरसीवाल्या मुलीशी लग्न केलं आणि २००५ नंतर बाळ झालं तर त्या बाळाचं काय, हे आईला कायदा 'बेकायदा' धरतो की नाही यावर ठरणार. ती बिचारी इथंच जन्मलेली असू शकते, कधी कुठली बॉर्डर ओलांडलेलीच नसेल.

आणि थोरल्याला तरी सुखासुखी मिळालं का, तर नाही. कायदा साफ असून पासपोर्ट ऑफिस देत नव्हतं. सरकारचं म्हणणं असं की तुम्ही आयसीच्या अर्जात स्वतःच तिबेटी लिहिलंय म्हणजे भारतीय नाही. नामग्याल डोल्कर नावाची १९८६ ला भारतात जन्मलेली बाई दिल्ली हायकोर्टात गेली आणि २०१० मध्ये कोर्टानं सांगितलं की ती जन्मानं भारतीय आहे, फॉर्ममध्ये काय लिहिलं यावरनं जन्मानं मिळालेलं नागरिकत्व जात नाही. आपल्या कर्नाटक हायकोर्टात २०१३ मध्ये लिंग रिंपोछे यांची केस आली, ते १९८५ ला भारतात जन्मलेले आणि मुंडगोडच्या द्रेपुंग मठाशी जोडलेले मोठे लामा, तिथं पण कोर्टानं त्यांच्याच बाजूनं निकाल दिला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं सांगितलं की १९५० ते १९८७ मधल्या जन्माच्या तिबेट्यांची नावं मतदार यादीत घ्या. २०१६ ला दिल्ली हायकोर्टानं परत बजावल्यावर २०१७ मध्ये पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली, पण अटी घालून. आरसी आणि आयसी परत द्या, तिबेटी वस्तीत राहत नाही असं लिहून द्या, निर्वासित म्हणून मिळणारे फायदे घेत नाही असं पण लिहून द्या. वस्तीत राहत नाही म्हणजे काय, घर तिथं, म्हातारे आईबाप तिथं, मठ तिथं, शेत तिथं, आणि ती जमीन मालकीची नाहीच, वस्तीच्या नावावर आहे. मला विचाराल तर हा नियम करणाऱ्यानं मुंडगोड कधी बघितलेलं नसणार.

हे पण खरं की बऱ्याच तिबेट्यांना भारतीय व्हायचंच नाही. त्यांचं म्हणणं असतं की आपण सगळे इथले नागरिक झालो तर तिबेटचा प्रश्न कोण मांडणार. तरुण पोरांचं म्हणणं वेगळं पडतं, बेंगळूरला नोकरी पाहिजे, परदेशात शिकायचंय, बँकेचं लोन पाहिजे, घर नावावर पाहिजे, आणि प्रत्येक ठिकाणी आरसी बघून समोरचा म्हणतो साहेबांना विचारून सांगतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर वाटतात मला.

इथं आपल्या सीमाभागातल्या माणसांच्या मनात एक तुलना येणारच, म्हणून बोलून टाकतो. १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासनं आपण भांडतोय, २००४ पासनं केस सुप्रीम कोर्टात आहे, काळा दिन होतो, पाट्यांवरनं भांडणं होतात. पण या सगळ्यात कुणाचा पासपोर्ट अडला नाही, कारण भारतात नागरिकत्व एकच आहे, राज्याचं वेगळं नसतं. खानापूर इकडं राहो नाहीतर तिकडं जावो, खानापूरचा माणूस सकाळी उठून भारतीयच. म्हणून आपण "आम्ही पण निर्वासितासारखेच" असं रागात म्हणतो ना, ते भाषणापुरतं ठीक आहे.

उलटं उदाहरण बघायचं असेल तर गोव्याकडं बघा, आपल्याकडं पण त्यांचे नातेवाईक आहेत. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगालकडं होता म्हणून तेव्हाच्या लोकांना आणि त्यांच्या पोरानातवांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. ज्यानं घेतलं त्याचं भारतीय नागरिकत्व गेलं, कारण आपल्याकडं दोन देशांचं चालत नाही. एकीकडं पोर्तुगीज की इंडियन यावर विचार करणारा मडगावचा पोरगा आणि दुसरीकडं मुंडगोडची मुलगी जिला विचारायला कोणी येतच नाही, मधलं अंतर फक्त एका घाटाचं.

श्रीलंकेचं सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण तिथं दोन सरकारांनी अक्षरशः माणसं वाटून घेतली. चहाच्या मळ्यात राबायला इंग्रजांनी नेलेले तमिळ, १९४८ च्या सिलोनच्या, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेच्या, कायद्यानं त्यांचं नागरिकत्व गेलं. १९६४ ला आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि तिकडच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला, ९ लाख ७५ हजार माणसं धरली, त्यातली ५ लाख २५ हजार भारतानं घ्यायची, ३ लाख सिलोननं ठेवायची, उरलेल्या दीड लाखाचं नंतर बघू, आणि १९७४ ला ते दीड लाख पण अर्धे अर्धे केले. जे भारताच्या वाट्याला आले त्यातले काही आपल्या कर्नाटकात सुळ्या-पुत्तूर भागातल्या सरकारी रबराच्या मळ्यात वसवले, ते नागरिक झाले. पण १९८३ च्या दंगलीनंतर जीव वाचवून आलेल्यांत याच मळेवाल्या तमिळांची हजारो कुटुंबं होती, त्यांना तमिळनाडूच्या कॅम्पात ठेवलं, आणि कॅम्पात आलेला म्हणून तो निर्वासित, मग बेकायदा. श्रीलंकेनं २००३ ला या लोकांसाठी कायदा केला तो तिथं राहणाऱ्यांसाठी, भारतात पळून आलेल्यांना त्यात घ्यायला २००९ उजाडलं. २०१९ ला मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठानं सांगितलं की मूळच्या भारतीय वंशाच्या या लोकांचे अर्ज विचारात घ्या. आणि १९८६ ला मंडपमच्या कॅम्पात जन्मलेली एक बाई, आपण मघाशी बघितला तोच १९८७ चा नियम घेऊन कोर्टात गेली, २०२२ ला तिला पासपोर्ट द्यायचा आदेश झाला आणि २०२४ च्या लोकसभेला तिनं मत दिलं. सदतीस-अडतीसाव्या वर्षी पहिलं मत, आणि जन्मापासनं नागरिक असून.

मग सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायदा, आहे ना, असं कुणीतरी म्हणणार. २०१९ चा तो कायदा, नियम मार्च २०२४ ला आले. त्यात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान एवढेच तीन देश आहेत, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन. श्रीलंकेचे हिंदू तमिळ त्यात नाहीत, तिबेटचे बौद्ध त्यात नाहीत. २०२५ ला परदेशी लोकांबद्दलचे जुने कायदे रद्द करून नवा कायदा आला, १ सप्टेंबरपासनं लागू, त्याबरोबरच्या आदेशात तिबेटी आणि ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेले नोंदणी केलेले श्रीलंकन तमिळ यांना कागद नसल्याच्या शिक्षेतनं सूट दिलीय. चांगलं झालं, जेलची भीती गेली. पण शिक्षा होणार नाही आणि नागरिक झाला, यात फार अंतर आहे, व्हॉट्सॲपवर मात्र दोन्ही एकच समजून पेढे वाटले गेले.

बाकी भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, स्टेटलेस लोकांबद्दलच्या १९५४ आणि १९६१ च्या करारांवर पण नाही. १९६१ च्या करारात साधी गोष्ट आहे, पोर तुमच्या देशात जन्मलं आणि दुसरा कुठलाच देश त्याला घेत नसेल तर तुम्ही घ्या. एवढं एक कलम आपल्या कायद्यात आलं असतं तर मुंडगोडच्या धाकटीचा प्रश्न सुटला असता, आणि कुणी लोंढे येतील म्हणेल तर ती पोरगी कुठनं आलेली नाहीच, ती आपल्या कारवार (उत्तर कन्नड) जिल्ह्यातच जन्मलीय.

आता कामाचं. तुमच्या ओळखीत, कारखान्यात, शाळेत अशी कुटुंबं असतील तर दोन गोष्टी सांगा. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, रहिवाशाला मिळतो, त्याच्या भरवशावर पासपोर्टचा फॉर्म भरू नका, चुकीची माहिती दिली म्हणून उलटं प्रकरण होतं. आणि बाळाचा जन्मदाखला २१ दिवसांच्या आत काढा, आईबाप कुठलेही असोत, भारतात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद करायची आहे, एक वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटच्या आदेशापर्यंत जावं लागतं. दाखल्यानं कोणी नागरिक होत नाही, पण वर सांगितलेल्या पासपोर्टच्या केसेस जन्माची जागा आणि तारीख यावरच जिंकल्यात. तमिळनाडूच्या कॅम्पात निर्वासितांच्याच ओफर नावाच्या संस्थेनं वर्षानुवर्षं हेच केलं, हजारो पोरांचे दाखले काढले, मग चेन्नईतल्या श्रीलंकेच्या उपउच्चायुक्तालयात नोंदी करून घेतल्या, म्हणजे पोरं निदान एका देशाची तरी झाली. दाखल्यावर आईबापाचं नाव आरसीवर आहे तेच स्पेलिंग घालायचं, हे पण सांगा, तिबेटी नावं क्लार्क लोकांना कळत नाहीत आणि कन्नडमधनं इंग्रजीत जाताना तेन्झिनचं काहीतरी वेगळंच होऊन बसतं.